जनावराच्या पोटाला ओवा-हिंग कधी, सोडा कधी आणि डॉक्टर कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मोहोळ तालुक्यात तुमच्याकडे एक संकरित गाय आणि दोन पंढरपुरी म्हशी आहेत. गाईचं पोट महिनाभरात तीनदा फुगलं. पहिल्या दोन वेळा आजोबांच्या पद्धतीनं ओवा, हिंग आणि काळं मीठ तेलात कालवून वेळूच्या नळीनं पाजलं आणि पोट उतरलं. तिसऱ्या वेळी, घरच्या साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी, तेच औषध तेवढंच दिलं, पण गाय आणखी बिघडली आणि शेवटी सलाईन लावावं लागलं. शिवाय एका म्हशीचं रेडकू पातळ हगतंय. तुम्हाला झाडपाल्याच्या अचूक मात्रा हव्यात, डाळिंबाची साल चालेल का ते हवंय, आणि होतील तेवढी इंजेक्शनं टाळायची आहेत.

मात्रा सांगते. पण आधी त्या तिसऱ्या वेळेबद्दल बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. पहिल्या दोन वेळा गाईनं ओला लसूणघास खाल्ला होता, असं तुम्हीच लिहिलंय. तिसऱ्या वेळी उरलेला भात, पुऱ्या आणि शिरा तिच्या पुढ्यात गेला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही वेळा डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागचा खळगा, फुगलेलीच दिसते. आत मात्र दोन वेगळे आजार होते. एकावर आजोबांचं औषध चांगलं लागू पडतं. दुसऱ्यावर त्याचा उपयोग नाही, आणि त्यात गूळ घातला असेल तर ते नुकसानच करतं. आजोबांचं चुकत नव्हतं. त्यांच्या काळात जनावराला कडबा, सरकी आणि बांधावरचं गवत मिळायचं. लग्नघरचा भात आणि मैद्याच्या पुऱ्या बादली बादली भरून गोठ्यात येत नव्हत्या.

मी गेली बरीच वर्षं जिल्ह्यात जनावरांचे इलाज करते, आणि घरगुती औषधांना नाक मुरडणाऱ्यांपैकी नाही. ओवा, सुंठ, हिंग, लसूण, मिरी यांचा जनावराच्या पोटावर खरोखर परिणाम होतो. ओव्यात थायमॉल असतं, आल्यात जिंजेरॉल, मिरीत पायपरिन. लाळ सुटते, पोटाची हालचाल वाढते, ढेकर यायला मदत होते. पण एवढंच. ही औषधं आम्ल मारत नाहीत, विष उतरवत नाहीत आणि पोटात गेलेली तार बाहेर काढत नाहीत. त्यामुळे औषध कुटायला बसण्याआधी पाच मिनिटं जनावराजवळ उभं राहून बघायचं.

काय बघायचं ते सांगते. गाई-म्हशीचं मोठं पोट, म्हणजे कोटीपोट, डाव्या बाजूला असतं. त्यात चारा आंबत असतो आणि तासाला तीस-चाळीस लिटर वायू सहज तयार होतो. तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. डाव्या भकाळीवर मूठ दाबून दोन मिनिटं थांबा. निरोगी जनावरात तेवढ्या वेळात पोट दोन-तीनदा मुठीला वर उचलतं. हालचाल आहे, फक्त मंद आहे, जनावर उभं आहे, कान हलवतंय, शेण थोडं का होईना टाकतंय, तर घरचं औषध करायला तुमच्याकडे वेळ आहे. मूठ ठेवली आणि आत काहीच हललं नाही, किंवा हाताला आत पाणी डचमळल्यासारखं लागलं, तर थांबू नका.

आता हिरव्या घासानं होणारी पोटफुगी. लसूणघास, बरसीम, पावसाळ्यातली पहिली हिरवळ, हे उपाशी पोटी आणि दंवासकट खाल्लं की दोनपैकी एक गोष्ट होते. कधी वायू नुसता साठतो. भकाळीवर टिचकी मारली तर पोकळ घुमणारा आवाज येतो. कधी तो वायू फेसात अडकतो, आंबवून फुगलेल्या आंबोळीच्या पिठासारखा. घासानं झालेली फुगी बहुतेक वेळा फेसाची असते. जनावर कितीही ढेकर द्यायचा प्रयत्न करो, फेस वर येऊन अन्ननलिकेच्या तोंडाशी अडतो. इथे खरं काम हिंग करत नाही, तेल करतं. तेलानं बुडबुडे फुटतात आणि कोंडलेला वायू मोकळा होतो. तुमच्या आजोबांच्या औषधात तेल होतं म्हणून ते दोनदा लागू पडलं. नुसता ओवा-हिंग कोमट पाण्यात दिला असता तर कदाचित पडलं नसतं.

म्हणून घासाच्या फुगीत तेल आधी, मसाला मागाहून. मोठ्या गाई-म्हशीला पाव ते अर्धा लिटर खाद्यतेल. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन कोणतंही चालतं. आपल्याकडे करडईचं घाण्याचं तेल घरात असतं, तेही उत्तम. शेळी-मेंढीला 30 ते 50 मिलीलिटर पुरे. तेलात मोठ्या जनावरासाठी 10 ग्रॅम हिंग आणि 30 ग्रॅम ओव्याची पूड मिसळली तर चांगलंच, पण ते कुटण्यात अर्धा तास जाणार असेल तर तेल आधी द्या. हिंगाबद्दल एक गोष्ट: दुकानात मिळतो तो बांधणीचा हिंग असतो, त्यात पीठ आणि डिंक भरपूर. जुन्या वहीत 'अर्धा तोळा हिंग' लिहिलेलं असेल तर तो खडा हिंग होता. आताच्या डबीतल्या हिंगानं तेवढा गुण येत नाही म्हणून लोक मात्रा वाढवत नेतात. मग दुधाला वास लागतो आणि संकलन केंद्रावर दूध परत येतं.

टर्पेंटाइन बरेच जण वापरतात. जुन्या पशुवैद्यकीय पुस्तकांत ते आहे आणि फेसावर काम करतं हेही खरं. पण रंगाच्या दुकानातून आणलेलं, कशात काय मिसळलंय ठाऊक नसलेलं टर्पेंटाइन मी घरगुती वापरासाठी सुचवत नाही. न मिसळता दिलं तर तोंड आणि घसा सोलून निघतो, आणि मूत्रपिंडावर ताण येतो. फेस फोडणारी तयार औषधं औषधाच्या दुकानात मिळतात. दुभत्या जनावराच्या गोठ्यात त्याची एक बाटली असावी. घासाचा हंगाम असेल तेव्हा तर असावीच.

औषधाबरोबरच जनावराला पुढची बाजू उंच राहील असं चढावर उभं करा. तोंडात कडुलिंबाची जाड काठी लगामासारखी आडवी बांधा आणि तिला थोडं मीठ चोळा. जनावर चघळत राहतं, लाळ सुटते, ढेकर येते. डावी भकाळी मुठीनं मळा. जनावर खाली बसत असेल तर उठवा, हळूहळू चालवा. पळवू नका.

आता त्या वेळूच्या नळीबद्दल, कारण या विषयात मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो. पोटाच्या आजाराला पाजलेल्या औषधानं न्यूमोनिया होऊन मेलेली जनावरं प्रत्येक पशुवैद्यानं पाहिलेली असतात. एक माणूस शिंगं धरतो, दुसरा जीभ बाहेर ओढतो, तिसरा मान आभाळाकडे करून अर्धा लिटर तेल एकदम ओततो. जीभ ओढलेली असताना जनावराला गिळता येत नाही. औषध श्वासनलिकेत जातं. आणि तेल फुफ्फुसात गेलं तर ते बाहेर पडत नाही. मान जमिनीला समांतर किंवा जेमतेम थोडी वर ठेवा, जीभ मोकळी सोडा, गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडा, ठसका लागला की लगेच मान खाली करा आणि थांबा. बसलेल्या, मान टाकलेल्या, गुंगीत असलेल्या जनावराला तोंडानं काहीही पाजायचं नाही. त्याच्यासाठी पोटात घालायची नळी लागते आणि ते डॉक्टरचं काम आहे.

मसाल्याचं औषध पाजण्यापेक्षा चारणं बरं. ओवा, सुंठ, मिरी वगैरे वाटून गुळात गोळा करायचा, छोटे छोटे तुकडे मिठात घोळवून जिभेवर आणि टाळूला चोळायचे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं पारंपरिक पशुऔषधांच्या ज्या कृती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवल्या, त्यांतही हीच पद्धत आहे. त्यांच्या पोटफुगी-अपचनाच्या गोळ्यात कांदा, लसूण, आलं, लाल मिरची, जिरं, मिरी, हळद, विड्याची पानं आणि गूळ असतो. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलंच सगळं. मी साध्या अपचनाला वापरते ते असं: ओवा 30 ग्रॅम, सुंठ 20 ग्रॅम, जिरं 20 ग्रॅम, मिरी 10 ग्रॅम, काळं मीठ 30 ग्रॅम, हिंग 5 ग्रॅम, गूळ 100 ग्रॅम. हे साडेतीनशे-चारशे किलोच्या जनावराचं एका वेळचं माप. दिवसातून दोनदा, दोन दिवस. वासराला याचा आठवा भाग, आणि तेही ते चारा खायला लागलं असेल तरच. दोन दिवसांत रवंथ सुरू झाली नाही तर तिसऱ्या दिवशी तेच औषध पुन्हा देण्यात अर्थ नाही.

साधं अपचन म्हणजे काय तेही सांगायला हवं. वैरण एकदम बदलली, पेंड बुरशी लागलेली होती, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, जनावर सांगोल्याच्या बाजारातून ट्रकमधून आलं, किंवा तोंडावाटे प्रतिजैविक दिलं गेलं आणि पोटातले उपयोगी जंतू मेले. जनावर खाणं कमी करतं, रवंथ मंदावते, दूध घटतं, पण ताप नसतो आणि डोळे ताजे असतात. असल्या आजाराला खरोखरच इंजेक्शनांची माळ लागत नाही. तुमची इंजेक्शनं टाळायची इच्छा इथे रास्त आहे, आणि दुधात औषधाचा अंश उतरायला नको म्हणूनही रास्त आहे.

आता भात-पुरी. याला आम्ही आम्लधर्मी अपचन म्हणतो. शिजलेला भात, पीठ, भाकऱ्यांचे तुकडे, शिरा, भरडलेला मका, मळणीच्या वेळी खळ्यावर सुटून खाल्लेली ज्वारी, हे पोटात एकदम गेलं की स्टार्चवर वाढणारे जंतू भराभर वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. कोटीपोटाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; कमी झालं की आम्ल जास्त) एरवी 6 ते 7 च्या दरम्यान असतो. तो साडेपाचाच्या खाली घसरतो. आम्ल मारणारे जंतूही मग मरतात. शरीरातलं पाणी पोटात ओढलं जातं, म्हणून हात लावला की डचमळ जाणवते आणि जनावराचे डोळे मात्र खोल जातात. खाल्ल्यापासून बारा तास ते दीड दिवस या वेळात लक्षणं दिसतात. सुस्ती, दात खाणं, झोकांड्या, आंबूस वासाचं पातळ, पिवळट-राखाडी फेसाळ शेण. पोट थोडं फुगतं, आणि इथेच घरचे फसतात: 'पोट फुगलंय, ओवा द्या.'

यात गूळ द्यायचा नाही, कारण आधीच साखरेनं बिघडलेल्या पोटात आणखी साखर घालायची नाही. ताक, चिंचेचं पाणी, लिंबू, व्हिनेगर तर अजिबात नाही. घरात असलेल्या वस्तूंपैकी उपयोगाची एकच, खाण्याचा सोडा. जनावर उभं असेल आणि गिळत असेल तर 100 ते 150 ग्रॅम सोडा एक-दीड लिटर पाण्यात विरघळवून सावकाश पाजा आणि डॉक्टरांना फोन करा. खाल्ल्याचं लक्षात आलं पण लक्षणं अजून नाहीत, तेव्हाच दिला तर सगळ्यात चांगलं. पुढे नुसता कडबा, आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) बंद. डॉक्टर शिरेतून सोडा आणि सलाईन देतात, कधी निरोगी जनावराच्या कोटीपोटातला रस काढून आजारी जनावराला पाजतात म्हणजे उपयोगी जंतू परत येतात. फार खाल्लं असेल तर पोट उघडून रिकामं करावं लागतं. यातून वाचलेल्या जनावराचे खूर महिनाभर सांभाळा, कारण आम्लाचा परिणाम खुरांवर मागाहून दिसतो आणि लंगडण्याचं कारण मग कुणाला आठवत नाही. लग्नसराईत आमच्याकडे शेळ्यांचे बळी याच आजारानं जातात. शेळी लहान, भात तेवढाच.

घासाच्या फुगीत मात्र सोड्यानं फायदा नाही. उलट आम्लाशी मिळून आणखी वायू होतो. आमच्याकडे 'पोट फुगलं की सोडा' आणि 'पोट फुगलं की ओवा' असे दोन्ही पंथ आहेत. दोघांचीही जनावरं कधी वाचतात, कधी जातात, कारण काय खाल्लं हे दोघंही विचारत नाहीत.

फुगी दिसते पण झाडपाला शोधण्यात एक मिनिटही घालवायचं नाही, अशा दोन गोष्टी सोलापूर जिल्ह्यात वरचेवर घडतात. एक, कोवळी ज्वारी. पाऊस ओढ देतो, ज्वारी गुडघाभर उंचीवर करपते, किंवा कापणीनंतर बुडख्याला कोवळे फुटवे येतात आणि जनावर तिथे सुटतं. त्यात सायनाइड तयार करणारा घटक असतो. पाच-दहा मिनिटांत धाप, तोंडाला फेस, पोट फुगणं, थरथर, डोळ्यांच्या आतली त्वचा लालभडक. याला सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन शिरेतून लागतं, आणि ते मिनिटांच्या हिशोबात. मंगळवेढ्याची मालदांडी कितीही नावाजलेली असली तरी तिचे कोवळे फुटवे जनावराला द्यायचे नाहीत. दोन, युरिया. पोत्याजवळचं पाणी प्यायलं, किंवा चाऱ्यावर प्रक्रिया करताना माप चुकलं. यात मात्र व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी हाच प्रथमोपचार, म्हणजे भाताच्या बरोबर उलट. व्हिनेगर पाजायचं तेही जनावर गिळत असेल तरच.

तुमच्या गाईची फुगी महिनाभरात तीनदा झाली, हे मला थोडं खटकलं. तिसरीचं कारण भात, हे कळलं. पण पुढे घास न खाताही थोडी थोडी फुगत राहिली, चालताना कुंथली, उतारावर जायला कचरली, कोपरं बाहेर काढून उभी राहिली, तर तिच्या पोटात तार किंवा खिळा असण्याची शक्यता आहे. कुट्टी यंत्रात बाइंडिंगची तार जाते आणि जनावर निवडून खात नाही. तार दुसऱ्या पोटात बसते आणि तिथून हृदय फार लांब नसतं. म्हशीत अशी परत परत येणारी फुगी कधी छाती आणि पोटामधला पडदा फाटून पोट छातीत सरकल्यानंही होते, विशेषतः विल्यानंतर. ओव्यानं या जनावरांना दोन तास बरं वाटतं आणि म्हणून निदान महिनाभर लांबतं. घरगुती औषधाचा मला दिसणारा सगळ्यात मोठा तोटा हाच.

बद्धकोष्ठाबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यात नुसता वाळका कडबा आणि कमी पाणी, मग शेण कडक, गोळीसारखं. तेल अर्धा लिटर, गूळ-पाणी, हिरवी वैरण आणि प्यायला भरपूर पाणी एवढ्यानं सुटतं. एरंडेल आतड्याला झोंबतं, गाभण जनावराला देऊ नका. कोरफड आणि सोनामुखीही गाभणीला नको. शेण पूर्ण बंद होऊन नुसती आव किंवा रक्त येत असेल तर रेचक मुळीच देऊ नका, आतडं आतड्यात अडकलेलं असू शकतं. चारा छावण्यांमध्ये, 2018-19 च्या दुष्काळात सांगोला-मंगळवेढ्याकडे, उसावर आणि वाढ्यांवर (उसाच्या शेंड्याच्या पाल्यावर) दिवस काढलेल्या जनावरांत पोटाच्या आणि अशक्तपणाच्या तक्रारी खूप होत्या. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून टाकतं, आणि कॅल्शियम कमी पडलं की कोटीपोटाची हालचालही मंदावते. तिथे ओव्याच्या गोळ्यापेक्षा खनिज मिश्रण आणि वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडणं जास्त कामाला येतं.

आता हगवण आणि तुमची डाळिंबाची साल. चालते. आपल्याकडे डाळिंबाला तोटा नाही आणि सालीत टॅनिन भरपूर असतं, ते आतड्याच्या आतल्या थराला आवळतं आणि पातळपणा कमी करतं. वाळवून पूड करून मोठ्या जनावराला 30 ते 50 ग्रॅम, तांदळाच्या पेजेत किंवा ताकात, दिवसातून दोनदा, दोन-तीन दिवस. भाताच्या हगवणीत ताक नाही, ते वर सांगितलंच. साल घेताना फळ कुठलं ते बघून घ्या: बागेत बुरशीनाशकं आणि कीटकनाशकं कापणीच्या तोंडापर्यंत फवारली जातात आणि ती सालीवरच बसतात. घरच्या परसातल्या, न फवारलेल्या झाडाच्या फळाची साल वापरा. टाकून दिलेल्या फळांच्या ढिगातली नको.

कच्च्या बेलफळाचा वाळवलेला गर आणि कुड्याची सालही चांगली. पण कुडा घेताना जपा. औषधी तो पांढरा कुडा, आणि त्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची साल सर्रास विकली जाते. काष्ठौषधीच्या दुकानदारालाही कित्येकदा फरक ठाऊक नसतो. कडवट नसेल तर ती ती नव्हे. बाभळीच्या शेंगा किंवा साल हाताशी असते, तिच्यातही टॅनिन असतं. पण ही सगळी आवळणारी औषधं आठवडाभर देत राहिलात तर जनावराचं पचन बसतं आणि उलट बद्धकोष्ठ होतं.

आवळायचं की नाही, हे हगवण कशाची आहे त्यावर. ताप असेल, शेणात रक्त असेल, सडका वास असेल तर आतलं विष बाहेर पडतंय, ते सालीनं कोंडू नका. उजनीच्या कालव्याकाठची, भीमेच्या पाणथळीत चरणारी जनावरं गोगलगाईंमुळे यकृतकृमी आणि पर्णकृमी घेऊन फिरतात. पातळ वासाचं शेण, जबड्याखाली पाणी साचून सूज, खात असूनही खंगणं. याला वावडिंग किंवा पळसाच्या बिया पुरत नाहीत. वावडिंग इतर काही जंतांवर थोडंफार चालतं, पर्णकृमीवर त्याचा भरवसा धरू नका. शेणाची तपासणी करून ऑक्सिक्लोझानाइडसारखं औषध वजनाप्रमाणे द्यावं लागतं. तालुक्याच्या दवाखान्यात शेण तपासून मिळतं. काडेपेटीत थोडं ताजं शेण घेऊन जा.

तुमच्या रेडकाचं मात्र गणितच वेगळं. म्हशीच्या रेडकाला आईच्या चिकातून आणि दुधातून गोल जंतांच्या अळ्या मिळतात. तीन-चार आठवड्यांचं होईपर्यंत आतड्यात वीतभर लांब जंत तयार असतात. चिखलासारखी, मातकट-पांढरी हगवण, पोट नगारा, केस उभे. म्हणून 10 ते 15 दिवसांचं असतानाच जंतनाशकाचा पहिला डोस द्यायचा असतो. तुमच्या रेडकाचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. पंधरा दिवसांच्या आतलं असेल तर जंतुसंसर्ग आधी धरा, वर असेल तर जंत. दोन्हीत डाळिंबाची साल दुय्यम. रेडकू हगवणीनं मरत नाही, पाणी संपून मरतं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती दोन सेकंदांत सपाट झाली नाही तर पाणी कमी झालंय. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे दिवसातून तीन-चार वेळा अर्धा-अर्धा लिटर पाजा. दूध बंद करू नका, थोडं थोडं आणि जास्त वेळा द्या. पाणी आणि दूध यात दोन तासांचं अंतर ठेवा. हे करताना साल द्यायचीच असेल तर 5 ग्रॅमच्या वर नको. रेडकू चोखत नसेल किंवा पाय गार पडले असतील तर सलाईनच.

झाडपाल्यातल्या काही गोष्टी कुणी कितीही सांगितल्या तरी पोटाच्या औषधात घालू नका: कण्हेर, धोत्रा, रुईचा चीक, एरंडाच्या बिया, घाणेरीचा पाला. कण्हेरीची मूठभर पानं मोठ्या जनावराचं हृदय बंद पाडतात. कुचला काही तयार भूक वाढवणाऱ्या पुड्यांत असतो, पण त्यात स्ट्रिक्निन आहे. घरी कुटायची वस्तू ती नव्हे.

घासाबद्दल शेवटी. तुम्हाला तो बंद करायला सांगत नाही, तुमच्या दुधाचा तोच आधार आहे. सकाळी आधी कडबा, मग घास. कापल्यावर तीन-चार तास सुकवून, दंव उडाल्यावर, कुट्टीत कडब्याबरोबर मिसळून. नवा घास सुरू करताना आठवडा-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. शिळं अन्न द्यायचंच असेल तर मोठ्या गाईला एक-दीड किलोच्या वर नको, आणि म्हशींत वाटून.

आणि डॉक्टरांना बोलवाल तेव्हा, किंवा 1962 वर फोन करून फिरतं पथक मागवाल तेव्हा, आधीच एवढं सांगा: काय खाल्लं आणि किती वाजता, शेवटचं शेण कधी टाकलं, रवंथ कधीपासून बंद आहे, गाभण आहे का, आणि घरी काय काय पाजलं. हे शेवटचं लोक लपवतात, ओरडा खावा लागेल म्हणून. तेल पाजलंय, सोडा पाजलाय हे कळलं की पुढचं औषध आम्ही त्याप्रमाणे ठरवतो. भकाळी पाठीच्या कण्याच्या वर आली असेल आणि जीभ बाहेर काढून श्वास घेत असेल तर तेही फोनवर आधी सांगा, म्हणजे येणारा माणूस पोटात टोचायची नळी हातातच घेऊन गाडीतून उतरेल.